पाण्याकडे जाणारी पावलं

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. त्या तीस वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की वर्गातल्या भिंतींनाही ते पाठ झालं असेल. 'अक्षर शिकावं लागतं, चित्र आपोआप कळतं.' पोरं मान डोलवायची, मीही खूश. हे वाक्य धादांत खोटं आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं, शेळगावात, आमच्याच शेततळ्याच्या कडेला. आणि ज्या बायांनी ते शिकवलं त्यातल्या बहुतेकींनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती.

आम्ही राहतो जळोचीला. शेती शेळगावला, थोडा ऊस आणि डाळिंबाची बाग. आमचे हे रोज सकाळी जातात, मी एरवी दिवसाआड स्कूटीवरून. शेळगावात यांना सगळे आबा म्हणतात आणि मला बाई. शाळा सुटली तरी 'बाई' काही सुटत नाही, आणि बाईपणाची खोडही सुटत नाही. समोरच्याला कळलं नाही तर कळेपर्यंत सांगायचं, ही ती खोड.

उन्हाळ्यात बाग जगते ती शेततळ्यावर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन पुरुष खोल खड्डा असतो, चारी बाजूंनी उतरता, आणि आतून पूर्ण काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. सगळे त्याला कागदच म्हणतात. लोकांना वाटतं तळ्यात भीती पाण्याची. तशी विहीरही खोल असते, पण विहिरीला पायऱ्या असतात, नाहीतर निदान कपारी तरी असतात. इथं भीती आहे ती कागदाची. त्यावर शेवाळ धरलं की ती साबण लावलेली फरशी होते. माणूस बसल्या बसल्या घसरत पाण्यात जातो, आणि परत चढायला गेला की हाताला धरायला काही म्हणून नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात तिथं नुसते कागदावरून फिरत राहतात.

दिवाळी झाली की तळ्याशेजारच्या आमच्या पडीक तुकड्यावर ऊसतोडणीची टोळी उतरते. उसाच्या पाचटाच्या आठदहा झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात, चुली पेटतात. पहाटे अंधारातच नवरा-बायको दोघंही कोयता घेऊन उसाच्या फडात जातात, आणि मागे राहतात लेकरं. लहानाला सांभाळायला त्याच्याहून थोडं मोठं, एवढीच काय ती व्यवस्था.

तळ्याला यांनी तारेचं कुंपण केलेलं होतं. पण कोप्यांवर पाण्याची सोय नव्हती. टँकर येईल तेव्हा येईल. तेव्हा बायांनी काय करावं? एका कोपऱ्यातली तार सैल करून हंडा आत जाईल एवढी वाट केली. यांनी ती तार दोनदा बांधली, तिसऱ्यांदा शिव्या देत बांधली आणि चौथ्यांदा बांधायचं सोडून दिलं. त्याऐवजी एक फळा रंगवून घेतला. 'धोका! पाणी खोल आहे. आत प्रवेश करू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, ते रंगवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बाया त्या फळ्यावर परकर वाळत घालायच्या.

त्या वर्षी टोळी येऊन आठवडा झाला असेल. दुपारची मी बागेतून तळ्याकडे आले तर पाचेक वर्षांची एक मुलगी कागदाच्या कडेला उकिडवी बसलेली. हातात स्टीलचा पेला. ती तो कागदावरून सोडायची, पेला गडगडत खाली जायचा आणि पाण्याच्या अलीकडे शेवाळात अडकायचा. मग ती एक पाय खाली टाकून, वाकून तो ओढून घ्यायची, की पुन्हा सोडायची. किती वेळ चालला होता हा खेळ कोण जाणे. ओरडले असते तर ती दचकली असती. मागून जाऊन दंड धरला आणि ओढली. ती घाबरून रडली, मग मी तिला रागावले, आणि ती कोपीकडे पळाल्यावर मी तिथंच मातीत बसून रडले.

उठले ती ठरवूनच. या हंगामात आपल्या तळ्यात कुणाचं लेकरू जाणार नाही. काय वाट्टेल ते होवो.

संध्याकाळी आयांना सांगितलंच. 'व्हय बाई, व्हय बाई,' म्हणाल्या. पण दिवसभर कोयता मारून आलेल्या बाईला तुम्ही काय सांगणार आणि ती काय ऐकणार! शिवाय त्या असतात फडात. सांगायचं होतं ते लेकरांना, तेही रोज, आणि मी तिथं नसताना. यावर माझ्या डोक्यात उपाय एकच आला. तीस वर्षांचं वाक्यच उभं राहिलं म्हणा ना. अक्षर नको, चित्र काढू.

यांचा हुकमाचा फळा मी खरवडून काढला आणि त्यावर कवटी काढली. खाली दोन हाडांची फुली. जगात याहून सोपं चित्र कुठलं? दुसऱ्या दिवशी शेतात पोचते तोच चारपाच जणी कमरेला पदर खोचून समोर. मागे टोळीचा मुकादम, चेहरा पाडून.

"बाई, पान्यात आवशीद टाकलं व्हय तुमी?"

मला कळेचना. मुकादमाने समजावलं. "फवारनीच्या बाटलीवर असतंय न्हवं हे? त्या म्हनत्यात, आमी पानी नेतो म्हनून आबांनी तळ्यात इष कालवलं. सकाळधरनं सैपाक न्हाय क्येला कुनी."

एकीचं पोरगं आदल्या दिवशी उलट्या करत होतं, त्याचंही खापर कवटीवर फुटलं. मी त्यांच्या देखत तळ्यातलं पाणी ओंजळीनं प्यायले तेव्हा कुठे चुली पेटल्या. यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, म्हणाले. पण त्या बायांचं चुकलं काय? त्यांनी कवटी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती, आणि तिथं तिचा अर्थ विषच होता. समुद्री चाचे आणि विजेचे खांब माझ्या डोक्यात, त्यांच्या डोक्यात बाटली.

मी काही हार मानणारी नव्हे. कवटीवर पांढरा रंग मारला आणि दुसरं चित्र काढलं. निळं पाणी, त्यात छातीपर्यंत बुडालेलं मूल, एक हात वर. वरून चारी कोपऱ्यांपर्यंत लाल फुली, म्हणजे काट. आता मात्र शहाणी झाले होते. फळा लावायच्या आधीच कोप्यांवर घेऊन गेले आणि एकेकाला विचारत सुटले, काय दिसतंय?

एक म्हातारी म्हणाली, "लेकरू पवतंय की. ग्वाड काढलंय."

तिच्या सुनेला ते मूल टाटा करताना दिसलं. मुकादमाला वाटलं, लाल फुली आहे म्हणजे दवाखान्याची पाटी, कोप्यांवर डॉक्टर येणार आहे. आणि दोनतीन वर्षं शाळेत जाऊन आलेला एक मुलगा फळ्याकडे नीट बघून म्हणाला, "बाई, तुमचं चित्र चुकलंय. काट मारलीया."

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. आयुष्यभर पोरांच्या वहीत लाल काट मारत आले, काट म्हणजे 'चुकलं' हे मीच तर शिकवलं! त्यानं चित्र बरोबर वाचलं होतं. चूक होती ती काढणारीची. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून सोडून देता आलं असतं, पण ती पेलेवाली मुलगी मागे उभी राहून फळ्यावरच्या बुडणाऱ्या मुलाला हात हलवून टाटा करत होती. ते बघून मला सोडून देता येईना.

घरी येऊन चार दिवस नुसते चित्राचे कागद खराब करत बसले. जेवताना हे विचारायचे, काय म्हणतं चित्रकला प्रदर्शन? की मी पुन्हा तेच सांगत बसायची. मला काढायचं होतं ते पाणी नव्हतं, खोलीही नव्हती. जाता येतं पण परत येता येत नाही, एवढंच काढायचं होतं. आणि पाचव्या दिवशी सकाळी चहा उकळताना ते दिसलं. पावलं!

फळ्याला काळा रंग दिला, कागदासारखा. तळाशी निळ्या पाण्याची पट्टी. आणि वरून खाली उतरत जाणारी लहान मुलाची पांढरी पावलं, डावं उजवं, डावं उजवं, शेवटचं पाण्याला टेकलेलं. परत येणारं एकही नाही. यांना दाखवलं. लगेच म्हणाले, "हे मात्र जमलं तुला." त्यांना ते कळणारच होतं, चार दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. पण तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. कोप्यांवर विचारायलाही गेले नाही. इतकं साधं चित्र, त्यात विचारायचं काय? बुधवारी दुपारी फळा कोपऱ्यातल्या त्या वाटेशीच ठोकला आणि ताठ मानेनं जळोचीला आले.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता.

सकाळी पोचले तर कोप्यांवर गजबज. उसाच्या गाड्या कारखान्यावर खाली व्हायच्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी तोड उशिरा होती, बाया घरीच. तळ्याच्या कोपऱ्यात मला सारवलेली जमीन दिसली. तार आणखी बाजूला सारून वाट रुंद केलेली, शेणानं सारवून स्वच्छ केलेली, अगदी कागदाच्या कडेपर्यंत. फळ्यावरच्या प्रत्येक पावलावर हळदीकुंकवाचं बोट. वर झेंडूचं फूल. आणि कडेला एक तरणी बाई हातात ओटीचा नारळ घेऊन पाण्याकडे तोंड करून उभी, दुसऱ्या हातात तिच्या मुलीचा हात. पेलेवाल्या मुलीचा. आई तिला सांगत होती, "म्होरं हो. वाकून नमस्कार कर."

मी काय बोलले, कशी धावले, आठवत नाही. मुलीला उचलून कुंपणाबाहेर आणलं. तिची आई गोंधळून बघत राहिली.

"काय झालं बाई? तुमीच काढलंय न्हवं? लक्षुमीची पावलं. पान्यात उतरतीया. आमी म्हनलं बाईंनी गुरुवारच्या आदल्या दिशी आठवनीनं काढलं, तवा पान्याची वटी भरावी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं हसून म्हणता आलं असतं. मला हसू आलं नाही. काळ्या जमिनीवर पांढरी छोटी पावलं, आणि तीही मार्गशीर्षात! घरोघरी बाया उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत जी काढतात, मी स्वतः चाळीस वर्षं काढत आले, तीच ती. तीही आतच जातात, परत येत नाहीत. कुणी परत येणारी पावलं काढली तर आपणच ओरडू, अगं, लक्ष्मी बाहेर चालली! आणि हे सगळं अंगात मुरलेलं असताना मी ते 'इकडे येऊ नका' म्हणून टांगलं. ज्या मुलीला मी दंड धरून मागे ओढलं होतं तिला माझ्याच चित्रानं हाताला धरून तळ्याच्या कडेला आणलं होतं.

मी त्या बाईला सगळं समजावून सांगितलं. "आगं बया," म्हणत तिनं तोंडावर हात घेतला आणि मुलीला पोटाशी धरून कोपीकडे गेली. मी ओल्या फडक्यानं फळ्यावरचं कुंकू पुसत बसले. स्वतःचा इतका राग आला होता की रंगही निघत होता.

मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. शेवटच्या कोपीतली बाई होती. टोळीतल्या सगळ्यांशी माझं बोलणं व्हायचं, हिच्याशी कधीच नाही. विचारलं तर मान हलवायची आणि निघून जायची. फार गुर्मी आहे हिला, असं मी यांना म्हटलंही होतं. पाण्यालासुद्धा ही तळ्यावर यायची नाही, लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. ती फळ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, परत आल्याली पावलं कुटं हायत?"

मी ताडकन उठले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी न सांगता कळलं होतं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरानं अचूक उत्तर द्यावं तसा आनंद.

"कळलं ना तुला? शाब्बास! तेच तर सांगायचंय. तुला कसं कळलं गं?"

तिनं शेवटच्या पावलाकडे बोट केलं.

"माज्या पोरीची अशीच हुती. कागदावर. पाय चिखलाचं हुतं तिचं. खाली ग्येल्याली दिसत हुती, पार पान्यापातुर."

गेल्या हंगामात, लांब कुठल्याशा गावात. मुलगी चार वर्षांची होती. आई फडात होती. हे तिनं मी विचारल्यावर सांगितलं, एकेक शब्द तोडून. माझ्या हातात कुंकवानं लाल झालेलं फडकं, आणि तोंडावर अजून ते 'शाब्बास'. मला माझी लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

ती गेल्यावर मी फळा उपटला. एका मुलाची पावलं काढली होती मी, बसल्या जागी, चहा उकळता उकळता, आणि ती बरोबर वाचायला एका आईला काय मोजावं लागलं होतं! असलं चित्र मला नको होतं. चौथं, पाचवं, दहावं चित्रही नको होतं. इतके दिवस मी बायांना 'इथं येऊ नका' हेच निरनिराळ्या रंगांत सांगत होते, आणि त्या का येतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाणी हवं होतं त्यांना. बस्स.

हे बागेत होते. जाऊन सांगितलं, "आजच्या आज कुंपणाबाहेर तोटी पाहिजे."

"अगं, डाळिंबाला आधीच पाणी..."

"डाळिंब थोडं कमी लागेल. आज म्हणजे आज."

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मोटारसायकल काढून बारामतीला गेले, पाइप, तोट्या, तारेचं नवं भेंडोळं आणि नायलॉनचा दोर घेऊन आले. मुकादमानं चार गडी दिले. मोटरीच्या लाइनला जोड देऊन कोप्यांसमोर दोन तोट्या बसवल्या. कोपऱ्यातली वाट बंद केली, तार खांबाखांबाला ताणून बांधली. तरीही कुणी गेलंच तर धरायला म्हणून चारी बाजूंनी दोरांना गाठी मारून ते कागदावरून पाण्यापर्यंत सोडले. फळा एका बाईनं कोपीच्या दाराला आडवा लावायला मागितला. दिला, पण घरून आणलेला काळा रंग त्यावर सरसकट मारून मगच.

दिवस कलता कलता तोटीला पाणी आलं. बाया हंडे घेऊन धावल्या, पोरं तोटीखाली डोकी घालून किंचाळायला लागली. मुकादम म्हणाला, "झालं बाई, मिटलं बगा काम." मलाही तसंच वाटलं.

शेवटच्या कोपीतली ती बाई मात्र तोटीकडे आली नाही. ती कुंपणाच्या कडेनं चालत होती. प्रत्येक खांबाशी थांबायची, तार हातानं ओढून बघायची, वाकून खालून बघायची आणि पुढे जायची. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला, पावसाच्या पाण्यानं तारेखाली चर पडली होती तिथं ती खाली बसली आणि तिनं मला हाक मारली. त्या दिवसाआधी तिनं मला कधी हाक मारली नव्हती.

मी गेले. मला तिथं काहीच दिसलं नाही. तार होती, खाली थोडी माती खचलेली होती, एवढंच. "काय गं?" मी विचारलं.

तिनं दोन्ही हात समोर धरले, तळवे एकमेकांकडे. मधे वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर. एवढं मावतं इथून, म्हणून दाखवत होती. हात तिनं लगेच खाली घेतले नाहीत. ते अंतर कुणाच्या अंगाचं होतं ते मला विचारावं लागलं नाही.

मी यांना फावडं घेऊन बोलावलं, आणि अंधार पडायच्या आत आम्ही तिघांनी मिळून ती चर दगडमातीनं बुजवली.